आधी मांडव, मग वेल

नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत मी जेवढ्या वेली तोडल्या, तेवढ्या पुढे उभ्या आयुष्यात लावून झालेल्या नाहीत. आलापल्लीच्या बाजूला सागाच्या कूपात विरळणी सुरू झाली की वेलकटाई आलीच. कोयत्याचा एक घाव जमिनीलगत, दुसरा हात पोचेल तिथे, आणि मधला तुकडा ओढून फेकायचा. एकच घाव घातला तर बुडाशी फुटलेला कोंब वर लोंबणाऱ्या जुन्या वेलीलाच धरून पुन्हा शेंडा गाठतो. वेलीने पिळलेला साग एकदा पाहिला की विसरत नाही. खोडाभोवती अंगठा बसेल एवढी खोल चर गोल गोल वर गेलेली असते. त्या लाकडाला भाव येत नाही.

पण जुन्या जंगलात हेच ओझे झाडे मुकाट्याने पेलतात. आलापल्लीजवळच्या 'वनवैभव'ला २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. त्या राईसारख्या जुन्या झाडोऱ्यात गेलात की नजर आपोआप वर जाते. मोठ्या येनाला पळसवेल झेपते, दहा वर्षांच्या सागाला झेपत नाही. घराच्या अंगणातही हिशेब तोच आहे. झाडाचे खोड तुमच्या मांडीएवढे होईपर्यंत त्याच्यावर वेल सोडू नका. तोवर तिला तिचा वेगळा मांडव द्या.

निवृत्तीनंतर चंद्रपुरात घरामागे छोटी रोपवाटिका टाकली. येणारा प्रत्येक जण म्हणतो, "काका, लवकर वाढणारी एखादी वेल द्या जी." मी आधी विचारतो, "ती धरणार कशाला?" बहुतेकांनी त्याचा विचार केलेला नसतो. वेलीचा रंग पाहून ती घेतात आणि गुळगुळीत रंगवलेल्या भिंतीशी लावून मोकळे होतात. मग सहा महिन्यांनी तक्रार येते की वेल चढत नाही, जमिनीवरच पसरते.

प्रत्येक वेलीचा हात वेगळा असतो. गोकर्ण, मालकांगोणी, पळसवेल यांना हात नाहीच. त्या अख्ख्या अंगाने वळसे घालतात. त्यांना उभी काठी किंवा तार लागते, आणि तीही मुठीत मावेल अशी. जाड खांबाला कोवळा शेंडा वळसा घालू शकत नाही. संक्रांतवेलीला तणावे असतात. तिला जाळी किंवा सुतळी पुरते. कळलावीची तर पानाची टोकेच वळून बोटासारखी पकड घेतात. बोगनवेल काट्यांवर रेलते, तिला जागोजाग बांधावेच लागते.

मधुमालतीचा हात मला सगळ्यात आवडतो. तिचे पान गळते, पण देठाचे बूड फांदीवरच राहते, वाळते आणि टणक, किंचित वाकडा काटा होते. पुढे याच काट्यांनी ती आधाराला अडकून वर सरकते. तिच्यापाशी संध्याकाळी पाटावर बसून पाहण्यासारखे आहे. दिवेलागणीला लांब नळीची पांढरी फुले उमलतात, वासावर मोठे पतंग येतात. दुसऱ्या दिवशी तीच फुले गुलाबी, तिसऱ्या दिवशी लाल. एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात ते यामुळे.

वेलीचा शेंडा आधार शोधत हवेत गोल फिरतो, हे डार्विनने आजारपणात खाटेवर पडून पाहिले होते. खोलीत हॉपची वेल ठेवून तो तासन्‌तास तिच्या फेऱ्या मोजत असे, आणि १८६५ मध्ये त्याने वेलींवर सविस्तर प्रबंध छापला. तो वाचल्यावर मी गोकर्णाच्या शेंड्याशेजारी खराट्याच्या काड्या रोवून खुणा केल्या. पावसाळी दमट सकाळी चहा घेऊन बसलो आणि उठेपर्यंत शेंडा एका काडीवरून दुसऱ्या काडीवर गेलेला होता. ज्या शेंड्यांवर मी वर्षानुवर्षे कोयता चालवला, ते सारा वेळ असे फिरत होते, हे तेव्हा कळले.

मांडवासाठी आपल्याकडे बांबूची वाण नाही. झाडीपट्टीतल्या बाड्यांमध्ये वाल-दोडक्याचा मांडव घालणाऱ्या बायांना जे ठाऊक आहे ते शहरातल्या माणसाने त्यांच्याकडून शिकावे: ओला बांबू तोडून लगेच वापरू नये. तो काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवला की त्यातले पिष्ट निघून जाते आणि भुंगा पोखरत नाही. मात्र वर्षानुवर्षे टिकणाऱ्या वेलीला बांबू पुरत नाही; तिथे लोखंडी नळ्या किंवा सागाचे बल्लेच हवेत. आणि मांडवाखालची दोन-तीन फूट जागा मोकळी ठेवा, पालापाचोळा साचू देऊ नका. पावसाळ्यात साप दडतो तो तिथेच.

आता झाडांविषयी. मे महिन्यात इथला पारा ४७ अंशांच्या पुढे जातो, आणि बाहेरून ट्रकने येणारी कुंडीतली नाजूक झाडे त्या पंधरवड्यातच जातात. जंगलातली झाडे मात्र त्याच उन्हात फुलतात. गणेर फेब्रुवारीत पाने टाकून सोनेरी होतो, मग पळस, मग बहावा. बी जंगलातून उचलू नका. अभयारण्यातून काहीही आणणे गुन्हा आहे, आणि तशी गरजही नाही. शहरात रस्त्याच्या कडेला बहाव्याच्या शेंगा पडलेल्या असतात. त्याचे बी कठीण, पाणी आत शिरू देत नाही. दगडावर घासून एका बाजूची साल थोडी उडवा, रात्रभर भिजवा. सकाळी जे फुगले ते पेरा, न फुगलेले पुन्हा घासा.

रोप लावायचे तर खड्डा मे महिन्यातच खणून ठेवावा, तीन फूट लांब, रुंद आणि खोल. ऊन लागू द्यावे. चंद्रपूर-वरोऱ्याकडच्या काळ्या कन्हार मातीत मुरूम आणि वाळू मिसळल्याशिवाय पाणी निचरत नाही, आणि उन्हाळ्यात हीच माती भेगाळून मुळे तोडते. म्हणून बुडाशी पाल्याचे जाड आच्छादन हवेच. गडचिरोलीकडच्या सिहार मातीत उलटे. पाणी थांबत नाही, तिथे शेणखत जास्त लागते.

एकदा एप्रिलमध्ये एका बाईंचा फोन आला. आवाज रडवेला. "काका, बहावा गेला वाटते. एक पान नाही. रोज दोन बादल्या पाणी देऊन राहिली मी." जाऊन पाहिले, नखाने फांदीची साल खरवडली. आत हिरवीगार, ओलसर. झाड गेले नव्हते, पाने टाकून फुलायच्या तयारीत होते. पाणी थांबवायला सांगितले. मेमध्ये त्यांनी मला बोलावून ते पिवळे झुंबर दाखवले. पानगळ म्हणजे मरण नव्हे, हे या जिल्ह्यांतल्या माणसाला सांगावे लागते याचे मला वाईट वाटते.

तरी पश्चिमेच्या भिंतीशी बहावा नको. ऐन उन्हाळ्यात तिथे सावली हवी. तिथे करंज किंवा कडुनिंब लावा, त्यांना कडक ऊन सुरू होण्याआधी नवी पालवी येते. जागा मोठी असेल आणि धीर असेल तर कुसुम. त्याची कोवळी लाल पालवी पाहून लोक फुले समजतात.

कळलावी लावायची तर घरात लहान मूल नाही ना, हे पाहा. तिचा कंद खाण्याजोगा दिसतो, पण अख्खी वेल विषारी आहे. कार्तिकात ती सुकून जमिनीत जाते. तिथे एक काडी रोवून ठेवा आणि उन्हाळाभर पाणी देऊ नका, मृगाच्या पावसात ती स्वतः वर येते.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा घराची साफसफाई, रंगरंगोटी चालू असेल. याच दिवसांत दरवर्षी शेकडो संक्रांतवेली छाटल्या जातात, आणि मग जानेवारीत लोक विचारतात, फूल का नाही? पावसाळ्यात वाढलेल्या फांद्यांच्या टोकांनाच तिचा बहर यायचा असतो. तिची छाटणी बहर संपल्यावर, फेब्रुवारीत. निळ्या पेट्रियाचेही तसेच, फुले होऊन गेल्यावर. मधुमालती मात्र नव्या फुटीवर फुलते, तिला थंडी सरताना खुशाल निम्मी करा. भिंत रंगवायचीच असेल तर संक्रांतवेल तारेसकट सोडवा, चादरीसारखी अलगद खाली उतरवून ठेवा आणि रंग वाळला की पुन्हा चढवा. दोन माणसे लागतात, अर्धा दिवस जातो. तोरण बांधायला शिडी लावाल तेव्हा कोयता खालीच राहू द्या.