कावसजीचा हात

मराठवाड्यातल्या आमच्या मुरुममध्ये कुणाची बोटं तुटलेली दिसली, तर कशानं तुटली असं फारसं कुणी विचारत नाही. ‘कुठल्या मशिनीत?’ एवढंच विचारतात. उत्तरंही ठरलेली. राशीचं मशीन, नाही तर कडबा कुट्टी. पेंढी आत ढकलताना आधी बाही ओढली जाते, मग हात. मशीन बंद करायला कुणी धावेपर्यंत व्हायचं ते होऊन जातं. मळणी यंत्रांनी देशभर इतके हात खाल्ले की १९८३ साली केंद्र सरकारला धोकादायक यंत्रांसाठी वेगळा कायदाच करावा लागला. आमच्याकडच्या एखाद्या खळ्यावर तो कुणाला ठाऊक असल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तरण्या पोरांचे हात असे जातात, म्हाताऱ्यांचे पाय शुगरनं. अंगठा काळा पडतो, घरचे चार दिवस हळद लावतात, मग सोलापूरला नेतात आणि माणूस गुडघ्याखाली रिकामा होऊन परत येतो.

अशा गावात बसून मी ‘उद्या माणसाला नवे अवयव मिळणार’ या बातम्या हावऱ्यासारखा वाचतो. मोबाईलवर तर रोज एक नवा यंत्राचा हात दिसतो, अंडं न फोडता उचलणारा. ते बघताना मला दरवेळी सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा एक गाडीवान आठवतो.

त्याचं नाव कावसजी. नाव पारशी वाटतं, पण तो मराठा शेतकरी होता, असं त्याची हकीकत छापणाऱ्यानं लिहून ठेवलं आहे. म्हैसूरच्या लढाईत तो इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायला होता. १७९२च्या सुमारास टिपूच्या कैदेत सापडला आणि तिथं त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराहून जास्त काळ तो बिननाकाचा हिंडला. मग पुण्याजवळच्या, विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवून दिलं. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’नं ऑक्टोबर १७९४च्या अंकात कावसजीच्या चित्रासह ही हकीकत छापली. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी अशी शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिल्याचंही त्यात नमूद आहे.

रीत वाचण्यासारखी आहे. आधी मेणाचं नाक करायचं. ते सपाट करून कपाळावर ठेवायचं, त्याच्या कडेनं रेघ ओढायची आणि तेवढं कातडं सोडवायचं. दोन डोळ्यांच्या मधली एक पट्टी मात्र तोडायची नाही, कारण तिच्यातून रक्त येत राहतं. कातड्याला पीळ देऊन ते खाली वळवायचं आणि जुन्या नाकाच्या कडेला खाचा पाडून त्यांत बसवायचं. सांध्यावर पाण्यात कालवलेल्या काथाच्या पट्ट्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेलं फडकं. साधारण पंचविसाव्या दिवशी, नवं नाक जागेवर रुजलं की मधली पट्टी कापायची. पान खाणाऱ्याच्या डब्यातला काथ आणि स्वयंपाकघरातलं तूप! हे वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी आधी प्रेतांवर सराव केला आणि १८१४ साली तीच शस्त्रक्रिया जिवंत माणसावर केली. आजच्या प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात कार्प्यू यांचं नाव ठळक आहे. पुण्याजवळच्या त्या कारागिराचं नाव कुणी विचारलंच नाही. आपल्याकडे अवयवरोपणावरच्या भाषणात गणपतीचं मस्तक हटकून येतं आणि टाळ्या घेऊन जातं. त्या टाळ्यांतल्या थोड्या या बिननावाच्या माणसाला मिळाल्या असत्या तर मला जास्त बरं वाटलं असतं.

पण माझं मन अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. कावसजीला नाक मिळालं. हाताचं काय झालं?

हकीकतीत त्याबद्दल पुढं काही नाही, आणि असणार तरी काय? नाकासाठी कपाळावरचं कातडं उसनं घेता येतं. माणूस स्वतःचाच सावकार आणि स्वतःचाच ऋणको. हाताला नुसती हाडंच सत्तावीस, त्यावर शिरा, स्नायूंच्या दोऱ्या, मज्जातंतू. एवढा ऐवज उसना देईल असं शरीरात कुठंच काही नसतं. म्हणून नव्या अवयवाची बातमी आली की मी कावसजीच्या हातावरून तिची पारख करतो. नाकाच्या जातीची आहे की हाताच्या?

नाकाच्या जातीची कामं तर मुरुमपर्यंत पोचलीसुद्धा, कुणाच्या लक्षात न येता. आमच्या गल्लीत साठी ओलांडलेल्या कितीतरी जणांच्या डोळ्यांत प्लास्टिकचं भिंग आहे. त्यांना कुणी ‘कृत्रिम अवयव लावलेला माणूस’ म्हणत नाही, तेही स्वतःला म्हणत नाहीत. ‘मोतीबिंदू काढला’ एवढंच. या भिंगामागं दुसरं महायुद्ध आहे. लढाऊ विमानाच्या काचेच्या, म्हणजे खरं तर ॲक्रिलिकच्या, कपच्या वैमानिकांच्या डोळ्यांत घुसल्या, तरी डोळ्यानं त्यांच्याशी भांडण मांडलं नाही, हे हॅरॉल्ड रिडली यांच्या ध्यानात आलं. १९४९ साली लंडनमध्ये त्यांनी त्याच पदार्थाचं भिंग डोळ्यात बसवलं. ते निर्जीव असल्यामुळं ना दाता लागतो, ना जन्मभराची औषधं. एकदा बसवायचं आणि विसरायचं.

हे भिंग मराठवाड्याच्या खेड्यापाड्यात ज्यांच्यामुळं घरोघरी माहीत झालं, ते डॉ. तात्याराव लहाने शेजारच्या लातूर जिल्ह्यातले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि शिबिरांतून त्यांनी लाखाहून जास्त डोळ्यांवर शस्त्रक्रिया केल्या. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि हा माणूस स्वतः १९९५पासून आईच्या मूत्रपिंडावर जगतो आहे. अंजनाबाईंनी मुलाला ते दिलं. मला या योगायोगाचं फार नवल वाटतं. दुसऱ्यांच्या डोळ्यांत ज्यांनी निर्जीव भिंगं बसवली, त्यांच्या अंगातलं रक्त मात्र एका जिवंत माणसानं दिलेल्या अवयवातून गाळून येतं. भिंग कारखान्यातून येतं, मूत्रपिंड आईकडून. भिंग विसरता येतं. मूत्रपिंड विसरून चालत नाही, कारण रोजच्या गोळ्या चुकल्या तर शरीर त्याला परकं ठरवून हाकलायला निघतं.

हात या दुसऱ्या जातीतला, आणि त्याहून अवघड. १९९८ साली फ्रान्समधल्या लिऑंला एका माणसाला मेलेल्या माणसाचा हात जोडला. त्यानं पुढं औषधं नीट घेतली नाहीत, हात आपला वाटत नाही म्हणाला आणि २००१मध्ये तो काढायला लावला. मला यात अपयशापेक्षा प्रामाणिकपणा जास्त दिसतो. नाक आरशात बघितलं तरच दिसतं. हात जेवताना, लिहिताना, दाढी करताना सारखा समोर असतो. दुसऱ्याचा हात स्वतःच्या ताटात येतो म्हणजे काय, हे आपण बाहेरून ठरवू नये.

भारतात पहिलं हाताचं रोपण २०१५ साली कोचीला झालं. पुण्याची एक विद्यार्थिनी बस अपघातात दोन्ही हात गमावून बसली होती. २०१७ साली तिथंच तिला केरळातल्या एका तरुणाचे हात बसवले. तुटलेला मज्जातंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे दंडापासून बोटाच्या टोकापर्यंत जाणीव यायला वर्षाच्या वर लागणार. तिनं नंतर त्या हातांनी परीक्षेचा पेपर लिहिला आणि हातांचा रंगही हळूहळू तिच्या रंगाकडं झुकत गेला, असं तिच्या डॉक्टरांनी सांगितलं. या सगळ्यात एक बारीक गोष्ट मला चटका लावून गेली. ज्याचे हात काढून घेतात, त्याच्या देहाला घरच्यांच्या ताब्यात देण्याआधी नकली हात लावतात. कृत्रिम अवयवाचा हाही एक उपयोग. शेवटच्या अंघोळीच्या वेळी आईला मनगटाखालची पोकळी दिसू नये म्हणून.

तिकडं बाल्टिमोरमध्ये २०२२च्या जानेवारीत जनुकं बदललेल्या डुकराचं हृदय एका माणसाला बसवलं. तो दोनेक महिने जगला. २०२४मध्ये बॉस्टनला डुकराचं मूत्रपिंड बसवलं. आमच्याकडं हे सांगितलं की आधी नाकं मुरडली जातात. पण डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा पहाटे उठून, येणेगूरला महामार्ग गाठून सोलापूरला जाणाऱ्याला विचारा. तो जनावर कुठलं ते विचारत बसणार नाही, कधी मिळेल ते विचारेल.

पायाची गोष्ट मात्र निराळी, कारण तिथं आपल्या देशानं स्वतःचं डोकं चालवलं. युरोपातून आलेल्या नकली पायाला बूट हवा. त्या पायानं मांडी घालता येत नाही, उकिडवं बसता येत नाही, चिखलात तर नकोच. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा या कारागिरानं रबराचा, अनवाणी चालणारा पाय केला. शर्मा फारसे शिकलेले नव्हते. सायकल पंक्चर झाली म्हणून दुकानात थांबले, तिथं टायरवर रबर चढवताना बघितलं आणि कल्पना सुचली, असं सांगतात. वरच्या नळीसाठी पुढं एचडीपीई पाइप वापरू लागले. हा पाइप आमच्याकडच्या शेतकऱ्याला परका नाही. विहिरीपासून उसापर्यंत तोच अंथरलेला असतो. म्हणून गावात एखाद्याच्या पायाची नळी तडकली की तो शिबिराची वाट बघत नाही. पाइप जोडणाऱ्याकडं जातो, पट्टा तुटला तर चप्पल शिवणाऱ्याकडं. डॉक्टर यावर चिडतात आणि ते चुकीचं म्हणणार नाही मी. उरलेल्या पायाच्या टोकाला खोबण घासली तर जखम होते आणि शुगरवाल्याची जखम वाईट. तरीही जो अवयव गावात दुरुस्त होतो तोच गावात टिकतो, असं माझं मत आहे. पुण्याच्या वानवडीत १९४४पासून लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, पण कुट्टीत बोटं गेलेल्याला मुरुमहून पुणं म्हणजे परदेशच.

आमच्या शेजारच्या आप्पांचा उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं कुट्टीत गेली. तुटलेली बोटं ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून ती पिशवी बर्फात ठेवायची आणि सोबत न्यायची, हे त्या वेळी तिथं कुणालाच माहीत नव्हतं. ती कडब्यातच राहिली. मी त्यांना तो अंडं उचलणारा हात मोबाईलवर दाखवला.

“ह्याला पाणी चालतंय का?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, बहुतेकांना नाही.

“आन् बिघडला तर?”

पुण्याला न्यावा लागेल, नाही तर मुंबईला.

“मला आख्खा हात कशाला, सर? दोन बोटं हायती की. अंगठ्याचं तेवढं बघा.”

तेव्हा मी त्यांना सांगितलं की पायाचं बोट काढून हाताला अंगठा म्हणून बसवतात, रक्तवाहिन्या दुर्बिणीखाली शिवतात, आणि ही शस्त्रक्रिया चांगली पन्नास वर्षं जुनी आहे. स्वतःचंच बोट, म्हणून शरीर भांडत नाही, जन्मभर गोळ्या नाहीत. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वाकून स्वतःच्या पायांकडं बघितलं.

“उजव्या पायाचं नको. बिरेक त्याच्यावर असतंय,” ते म्हणाले. “डाव्याचं चालंल. क्लच टाचंनं दाबता येतोय.”