दातांची चाल

वाकड्या दातांविषयी आपला समाज फार दिवस उदासीन होता. डोळा तिरळा असला तर घरात काळजी. दात पुढे असले तर एखादे टोपणनाव पुरे! आता तसे राहिलेले नाही, आणि ते बरेच झाले. ज्या घरात तोंडावर हात धरून हसणारी मुलगी आहे, त्या घरास ह्या उपेक्षेची किंमत ठाऊक असते. आमची तेरा वर्षांची पुतणी अशीच हसते. वरचे सुळे ओळीबाहेर आलेले, व खालचे पुढचे दात बाजारच्या दिवशी एस.टी.त शिरलेल्या उतारूंसारखे एकमेकांच्या खांद्यावर.

तिला तार लावावयाचे ठरले, तेव्हा दंतवैद्यांनी आमच्यापुढे तीन तऱ्हेचे ब्रॅकेट मांडले : साधे पोलादी, दाताच्या रंगाचे सिरॅमिकचे, आणि तिसरे चिमुकले झाकण असलेले. तिसऱ्याची किंमत पहिल्याच्या दुपटीहून अधिक. परंतु काम काही महिने लवकर उरकेल, असे आश्वासनही त्याबरोबर होते. वहिनी तत्काळ म्हणाल्या, "भावजी, पैशाकडे पाहू नका. पोरीचे हाल तेवढे लवकर संपू देत." हे वाक्य ज्या घरात उच्चारले जाते तेथे पैसा बहुधा मोजकाच असतो. म्हणून आम्ही ह्या विषयात थोडे शिरलो.

ब्रॅकेट दात ओढीत नाही. ओढते ती तार. ब्रॅकेट ही दातावर चिकटविलेली मूठ होय. तिला चौकोनी खाच देण्याची कल्पना अमेरिकेतील एडवर्ड अँगल ह्यांची, १९२० नंतरच्या दशकातली. चौकोनी खाचेत चौकोनी तार बसली की केवळ दाताचा शेंडाच नव्हे, तर हिरडीतले मूळही हवे तसे कलविता येते. पुढे १९७० च्या सुमारास लॉरेन्स अँड्र्यूज ह्यांनी प्रत्येक दाताचा कल त्याच्या ब्रॅकेटमध्येच घडविला, आणि दातागणिक तार वाकविण्याचा खटाटोप पुष्कळ कमी झाला. ब्रॅकेटचे खरे सामर्थ्य हे : ते दिशा देते.

वेगाची गोष्ट निराळी. साध्या ब्रॅकेटमध्ये तार रबरी कडीने बांधतात, म्हणून ती घासते. सिरॅमिकच्या खाचेत अधिकच घासते, शिवाय ते ठिसूळ. झाकणाखाली तार मोकळी राहते, आणि प्रयोगशाळेतल्या मेजावर, बारीक गोल तारेशी, घर्षण खरोखरच कमी भरते. (ही युक्तीही काही कालची नव्हे, जेकब स्टोल्झेनबर्ग ह्यांनी ती १९३५ सालीच योजली होती.) परंतु तोंड म्हणजे मेज नव्हे. दात सरळ सरकत नाही. तो आधी कलतो, मग उभा राहतो. कलला की तार खाचेच्या कडांत अडते. जुन्या कपाटाचा खण तिरपा ओढला की त्यास कितीही मेण चोळलेले असो, तो अडतोच, तसेच हे.

आणि दात वाट काढतो ती हाडातून. मुळाभोवती सुमारे पाव मिलिमीटर जाडीचे तंतूंचे अस्तर असते. दाबाच्या बाजूस काही पेशी हाड विरघळवितात, ताणाच्या बाजूस दुसऱ्या नवे हाड रचतात. ही रीत महिन्यास सरासरी एक मिलिमीटरच्या आसपास चालते. जोर वाढवून ती घाई करीत नाही. उलट अतिदाबाने अस्तराचा रक्तपुरवठा तुटून दात काही आठवडे जागीच थबकतो. तेव्हा गेल्या वीस वर्षांत रुग्णांवर तुलनेने केलेल्या चाचण्या एकत्र पाहता, झाकणाच्या ब्रॅकेटने उपचाराचा एकंदर काळ घटल्याचे दिसत नाही, ह्यात नवल ते कोणते? तार बदलताना खुर्चीवरची काही मिनिटे वाचतात, इतकेच.

आम्ही हे सर्व दंतवैद्यांपुढे मांडले. त्यांनी वाद घातला नाही, किंचित हसले मात्र. पोलादी ब्रॅकेट ठरले. वहिनींस हा आमचा चिक्कूपणा वाटला, व त्या दोन दिवस आमच्याशी मोजकेच बोलल्या. पुतणीची हरकत फक्त चकाकीस होती. पण रबरी कड्या रंगीतही मिळतात हे कळताच तिने जांभळ्या मागितल्या. झाकणाच्या ब्रॅकेटला कड्याच नसतात, हे तिने आईस परस्पर ऐकविले.

तार निघाल्यावर दात मागे फिरू नयेत म्हणून रात्री पट्टी घालावी लागते, तीही वर्षानुवर्षे. ह्याविषयी मात्र आम्ही घरात अद्याप अवाक्षर काढलेले नाही.