कोणत्या हवेत?

पट्टी 30 सेंटिमीटर लांब, तीन बोटं रुंद. ती चौकटीत उभी अडकवायची, खाली कोरा कागद अंथरायचा, टाकीचं दार आवळून आतली हवा उपसायची आणि हव्या त्या प्रमाणात ऑक्सिजन-नायट्रोजन भरायचा. मग पट्टीच्या तळाशी आग लावायची. अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत मी काही वर्षं हेच काम केलं. अंतराळयानात वापरायचं कापड, फोम, वायरींवरची आवरणं, चिकटपट्ट्या असं सगळं आधी आमच्याकडे जळायला यायचं.

नासाच्या मानकातला नियम चार ओळींचा आहे. आग 15 सेंटिमीटरच्या आत आपोआप विझली पाहिजे आणि जळता थेंब पडून खालचा कागद पेटता कामा नये. एक जरी नमुना चुकला तरी ते साहित्य नापास. आग खालून लावतात, कारण पृथ्वीवर ज्योत वर चढते आणि चढता चढता पुढचं कापड तापवत जाते. म्हणजे परीक्षा कठीणात कठीण घ्यायची.

पहिल्याच आठवड्यात नायलॉनचा एक पट्टा आला. ज्योत जेमतेम दहा सेंटिमीटर चढली आणि विझली. मी नोंदवहीकडे वळलो, तेवढ्यात आमच्या वरिष्ठ बाईंनी काचेवर खालच्या बाजूला बोट ठेवलं. मुगाएवढा एक थेंब कागदावर पडला होता आणि पडल्यावरही जळत होता. कागदावर आधी तपकिरी डाग उमटला, मग डागाचं भोक झालं, आणि भोकाच्या कडेकडेनं पिवळी रेघ सरकू लागली. बाई काही बोलल्या नाहीत. मी 'नापास' लिहिलं. आमच्या लहानपणी आई शेजारच्या काकूंना बजावायची, "स्टोव्हपाशी नायलॉनची साडी नेसून बसू नका हो, अंगाला चिकटते." तिला तो थेंब कुठलीही टाकी न पाहता ठाऊक होता.

पण मला खरं शिकवलं ते नोमेक्सनं. अग्निशमन दलाच्या जवानांचे कोट ज्याचे शिवतात, ते हे कापड. नेहमीच्या हवेत, म्हणजे 21 टक्के ऑक्सिजनमध्ये, ते काळवंडलं, थोडं आक्रसलं आणि आग विझली. तेच कापड, त्याच थानातली पुढची पट्टी, 34 टक्क्यांत लावली. दाबही नेहमीच्या जवळजवळ निम्म्यावर आणला होता, तरी या वेळी ज्योत थांबलीच नाही. सरळ वरच्या टोकापर्यंत गेली. कापड तेच होतं, बदलली होती ती हवा.

34 टक्के हा आकडा हौसेनं निवडलेला नाही. स्पेससूटमध्ये दाब कमी असतो. यानातून थेट त्यात शिरलं तर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, म्हणून बाहेर पडण्याआधी कितीतरी वेळ शुद्ध ऑक्सिजन घेत बसावं लागतं. चंद्रावरच्या मुक्कामात वरचेवर बाहेर जायचं, तर हा वेळ परवडत नाही. मग निवासातलाच दाब उतरवायचा आणि ऑक्सिजन वाढवायचा, असा विचार पुढे आला. माणसाची सोय होते, पण आगीचीही होते.

याची किंमत आधी मोजून झाली आहे. 27 जानेवारी 1967 रोजी केप केनेडीच्या तळावर अपोलो 1 या यानाच्या सरावात गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी हे तीन अंतराळवीर होरपळून, गुदमरून गेले. रॉकेटमध्ये इंधनही भरलेलं नव्हतं. अंतराळवीर बसलेल्या कुपीत मात्र बाहेरच्या हवेपेक्षा जास्त दाबाचा शुद्ध ऑक्सिजन होता आणि आत नायलॉनच्या जाळ्या नि व्हेल्क्रो लावलेले होते. दार आतल्या बाजूला उघडणारं, त्यामुळे वाढलेल्या दाबानं ते घट्ट बसलं. पुढे दार बाहेर उघडणारं केलं, उड्डाणाच्या वेळी कुपीत 60 टक्के ऑक्सिजन आणि 40 टक्के नायट्रोजन भरायला सुरुवात झाली, सूटवर काचतंतूंचं बीटा कापड आलं. मला कायम वाटत आलंय की 'अग्निरोधक' हा शब्द एकटा छापूच नये. त्याच्यापुढे ऑक्सिजनची टक्केवारी हवी.

शेजारच्या खोलीत द्रवरूप ऑक्सिजनची चाचणी चाले. त्यात बुडालेल्या नमुन्यावर नऊ किलोचं वजन 1.1 मीटरवरून सोडायचं, वीस वेळा. एकदाही चमक दिसता कामा नये. एकदा मी हातमोज्यानं कपाळ पुसलं आणि त्याच हातानं नमुना ठेवला. बाईंनी तो सगळा संच बाजूला काढायला लावला. कातडीवरचं तेलही तिथे इंधन ठरू शकतं.

2021 मध्ये बाबांना साताऱ्याच्या घरी ऑक्सिजनचं यंत्र लावलं होतं. व्हिडिओ कॉलवर मी बाबांना पाहत होतो आणि त्यांच्या उशाशी, हातभर अंतरावर, आईनं लावलेलं निरांजन तेवत होतं. मी ओरडलोच. "आई, आधी ते विझव, मग बोल!" त्या नळीतून सुमारे 90 टक्के ऑक्सिजन येतो. तो चादरीत, उशीत, केसांत साठून राहतो. माझ्या डोळ्यांसमोर ती न थांबणारी ज्योत होती.

घरात कोणाला ऑक्सिजन लावला असेल, तर त्या खोलीत निरांजन, उदबत्ती, काडी, सिगारेट काहीही पेटवू नका. नाक कोरडं पडलं म्हणून तेल किंवा व्हॅसलीनही लावू नका. डॉक्टरांना विचारून पाण्यात मिसळणारं मलम आणा. देवाचा दिवा दुसऱ्या खोलीत लावा.