बोंबल्या आणि तौक्ते

वरळी कोळीवाड्यात आमच्या गल्लीत एक कुत्रा आहे, बोंबल्या. हातभर लांब, पांढुरका, एक कान उभा आणि एक पडलेला. सारखा बोंबलतो म्हणून हे नाव, की लहानपणी बोंबलासारखा लिबलिबीत होता म्हणून, यावर शेजारची मासेवाली मावशी आणि तिचा नवरा यांचं अजून एकमत झालेलं नाही. किल्ला बघायला आलेले पाहुणे, गॅसचा सिलिंडर, भरतीची लाट, सगळ्यांवर तो सारख्याच तळमळीने भुंकतो. कुत्र्याला वादळ आधी कळतं म्हणतात, पण जो रोजच भुंकतो त्याचं कोण ऐकणार? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा सगळा कोळीवाडा जीव मुठीत धरून बसला होता आणि बोंबल्या उलट्या घातलेल्या होडीखाली गाढ झोपला होता. त्याचंच बरोबर निघालं म्हणा. वादळ रायगडकडे वळलं. मुंबई वाचली, माझ्या माहेरी श्रीवर्धनला पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या.

तौक्तेने मात्र आम्हाला सोडलं नाही. हे नाव म्यानमारने दिलेलं, अर्थ मोठ्याने ओरडणारी पाल. १७ मे २०२१, सोमवार. ईद होऊन तीनच दिवस झाले होते. लॉकडाऊनमधली ती दुसरी ईद, नमाज घरातच. कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटरपर्यंत गेला, हे आम्ही नंतर वाचलं. त्या दुपारी कळत होता तो फक्त पत्र्यांचा आवाज. सी-लिंक बंद, वीज गेलेली, गल्लीत घोट्याच्या वर पाणी. मासेमारी बंदी १ जूनपासून, त्यामुळे बऱ्याच होड्या अजून पाण्यातच होत्या. पुरुष माणसं त्या बांधायला बंदरावर धावली होती. मावशी भिजलेले बोंबील गोळा करत होती आणि मधूनच ओरडत होती, "टीचर, आमचा बोंबल्या दिसला का गो?"

तो दिसला आमच्या उंबऱ्यावर. पुढचे दोन्ही पाय पसरून, थरथरत, आणि आयुष्यात पहिल्यांदाच गप्प.

आम्ही कोकणी, शाफई मसलकाचे. ओला कुत्रा लागला तर ती जागा सात वेळा धुवायची, त्यातलं एकदा मातीच्या पाण्याने. माझ्या सासूबाई, म्हणजे अम्मी, याबाबतीत फार कडक. बोंबल्या पायरीजवळ आला तरी त्यांचं "हाड!" ठरलेलं. त्या दिवशी त्यांनी जानमाज उचलून कपाटावर ठेवली, दाराच्या आत एक गोणपाट टाकलं आणि मुलांना सांगितलं, "उसको अंदर लेव. हात बाद में धोएंगे."

मुसलमानांना कुत्र्यांचा तिटकारा असतो, असं बाहेरचे सर्रास म्हणतात. आमच्यातलेही काहीजण तसंच वागतात आणि त्याला दीनदारी म्हणतात. पण धुण्याचा नियम धुण्यापुरताच आहे. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्याला अल्लाहने माफ केलं, ही हदीस मी लहानपणी मदरशातच शिकले. तिथे कुणी त्या माणसाला हात धुतलेस का, असं विचारत नाही.

संध्याकाळी गल्लीतली पोरं घरोघर फिरत होती. कुणाचा पत्रा उडाला तर पक्क्या इमारतीत हलवायचं म्हणून माणसं मोजत होती. आमच्या दाराशी येऊन विचारलं, "किती जण?" आतून अम्मींचा आवाज आला, "पाँच हैं, छठा कुत्ता."

पोरं हसली. मला मात्र काटा आला. अम्मी दर जुम्म्याला सूरह कहफ पढतात. त्यात गुहेत झोपलेल्या तरुणांची गोष्ट आहे. त्यांचा कुत्रा उंबऱ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला. ते किती होते यावर लोक वाद घालतात: तीन आणि चौथा कुत्रा, पाच आणि सहावा कुत्रा, सात आणि आठवा कुत्रा. खरा आकडा अल्लाहलाच ठाऊक. माणसांचा आकडा दर वेळी बदलतो, कुत्रा मात्र एकाही हिशोबातून सुटत नाही. इतकी वर्षं ती सूरह ऐकत होते, पण हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. अम्मींना विचारलं, तर म्हणाल्या, "दिया लगा, अंधेरा हो रहा है."

रात्रभर बोंबल्या गोणपाटावर होता. त्याच दिवशी बॉम्बे हायजवळ पी-३०५ बार्ज बुडायला लागला होता. त्यात आणि टगबोटीवर मिळून ७० हून अधिक माणसं गेली, हे पुढच्या दिवसांत हळूहळू कळत गेलं.

सकाळी फरशी धुतली, सात वेळा. मातीसाठी कुठे जावं लागलं नाही. वाऱ्याने माझी कढीपत्त्याची कुंडी फोडून सगळी माती दारात पसरून ठेवलीच होती. मावशी आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. होडीची फळी फुटली होती, वाळवणातले निम्मे बोंबील कुजणार होते. नुकसानीचा पंचनामा होईल तेव्हा होईल. तिने बोंबल्याला काखेत मारलं आणि अम्मींकडे बघून म्हणाली, "रातभर ठेवलास त्याला?"

"भौंका नहीं बिचारा," अम्मी म्हणाल्या.

तोवर तो काखेतून सुटून खाली उतरला होता आणि फुटलेल्या कुंडीवर भुंकत होता. अम्मींनी झाडू उचलला, "हाड!"