थेंबभर वंगण

मैफल सुरू होण्यापूर्वी तंबोरे जुळत असताना बैठकीवर जी एक शांतता हळूहळू उतरत जाते, तिचे मोल मिरजेत वाढलेल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही. कारण ज्या गावात तंतुवाद्ये घडवणाऱ्या कारागिरांच्या पिढ्या तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेखाली, सुताचा धागा केसभर पुढेमागे सरकवून जवारी लावीत आल्या, त्या गावात स्वर गळ्याचा जेवढा तेवढाच हाताचाही असतो, हे बालपणीच कानांत मुरते. मामांच्या पश्चात माझ्याकडे आलेल्या ध्वनिमुद्रिकायंत्राची थाळी उचलून मी तेलाची कुपी हाती घेतो, तेव्हा प्रत्येक वेळी मला तो सुताचा धागा आठवतो.

यंत्र गॅरार्ड ३०१, इंग्लंडातील स्विंडन गावी घडलेले, मामांनी मुंबईहून जुनेच विकत आणलेले. जवाहिऱ्यांच्या एका प्रतिष्ठित पेढीने १९१५ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, तोफखान्यासाठी सूक्ष्म मापनयंत्रे करण्याकरिता जो कारखाना काढला, तोच पुढे शांततेच्या काळात ग्रामोफोनच्या चावीच्या मोटारी करू लागला; आणि हिरे पारखणाऱ्या हातांचा तो वारसा या यंत्राच्या पोटातील आस पाहिला की अजूनही पटतो. आरंभीच्या यंत्रांत या आसाला घट्ट ग्रीस द्यावे लागे, पुढच्या यंत्रांत पातळ तेल. आमचे यंत्र तेलाचे.

मामा मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते, आणि सरकारी दप्तराची शिस्त त्यांनी घरातही तितक्याच निष्ठेने चालवली. यंत्राची त्यांनी स्वतंत्र वही घातली होती, आणि तीत तारीखवार नोंद असे: किती थेंब दिले, जुने तेल कोणत्या रंगाचे निघाले, थाळी फिरवणारे रबरी चाक पुसले की नाही. जुने तेल काळे निघाले, तर त्या काळेपणात झिजलेल्या धातूचा हिशेब आहे असे ते म्हणत, आणि ते अगदी खरे होते.

वेगाने फिरणाऱ्या यंत्रांत आस आणि तो ज्यात फिरतो ती वेटोळी यांच्यामध्ये तेलाचा पातळ पडदा गतीच्याच जोरावर ताणला जातो आणि धातूला धातूचा स्पर्श होऊ देत नाही. परंतु मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीला एक फेरी पुरी करण्यास १.८ सेकंद लागतात, आणि एवढ्या संथ गतीला तो पडदा आपल्या बळावर नीट धरता येत नाही. म्हणून तेलाची जात आणि आसाची सफाई यांच्यावर सारा भार येतो. सुईला तर विवेक नाही. खाचेची भिंत हलली की खालची थाळी हलली, हा भेद तिला मुळीच करता येत नाही. आसाची घरघर असली तर तीही ती तितक्याच प्रामाणिकपणे उचलते आणि गायकाच्या स्वराखाली नेऊन ठेवते. जुन्या तबकड्यांत सुई आडवीच डोलत असे, त्यामुळे खालून वर येणारा थरकाप बराचसा दडून राही. पण १९५८ पासून स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या, सुई उभी हालचालही वाचू लागली, आणि आसाच्या तळाशी असलेला एकुलता एक टेकूबिंदू उघड्यावर आला.

माझ्या हातून एकदा कसूर घडली होती. मामा परगावी गेले असता, तेलाची कुपी सापडेना म्हणून मी देवघरातील खोबरेलाचे चार थेंब आसावर सोडले. दिवस मार्गशीर्षातले होते. खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास थिजते, हे रोज पहाटे डोक्याला तेल लावणाऱ्या मला ठाऊक असायला हवे होते; पण ते ठाऊक असणे आणि यंत्रापाशी आठवणे यांत अंतर पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी अब्दुल करीम खाँसाहेबांची ७८ फेऱ्यांची तबकडी लावली, तर खाँसाहेबांचा तो आर्त, लांबलेला षड्ज जागेवर उभाच राहीना. तो किंचित उतरलेला, जड पावलांनी चालणारा वाटला. ज्या माणसाने आयुष्याचा उत्तरार्ध मिरजेत घालवला आणि १९३७ साली मृत्यू पावल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावा घेतला, त्याचा षड्ज त्याच्याच गावात मी उतरवला होता. वेग तपासावा म्हणून निऑनच्या दिव्याखाली ७७ रेघांची कागदी चकती फिरवून पाहिली. त्या रेघा स्थिर दिसायला हव्यात, तर त्या हळूहळू मागे सरकत होत्या.

मामा परतल्यावर मी सारे सांगितले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “बाळ, हे आधी वहीत लिही, मग आपण ते धुऊ.” आणि मला माझ्या हाताने ती नोंद करावी लागली. मग आम्ही दोघांनी आस बाहेर काढला, धाग्याचा कणही मागे राहू नये म्हणून जुन्या मलमलीने तो पुसला, आणि पुन्हा खनिज तेल दिले. जिथे वेटोळी सच्छिद्र कांस्याची असते तिथे रॉकेलने धुणे घातक, कारण तिच्या अंगात मुरलेले तेलच त्यामुळे वाहून जाते, हेही मामांनी त्याच दिवशी शिकवले. आणि थेंब मोजून द्यायचे, कारण जास्तीचे तेल वर चढून रबरी चाकावर गेले की त्याची पकड सुटते, हेही.

आज सकाळी मी त्याच वहीत नोंद केली: चार थेंब, जुने तेल फिकट तपकिरी. तेल दिल्यावर आस वेटोळीत पुन्हा सोडला, तर तो एकदम खाली गेला नाही. तळाशी कोंडलेली हवा कडेने सुटत असताना तो अंगुळभर, मग आणखी अंगुळभर, असा खाली उतरत होता. तबकडी मी पाकिटातून आधीच काढून ठेवली होती. खाँसाहेबांचीच. मी हात मागे घेतला, आणि आस पुरता बसेपर्यंत तसाच थांबून राहिलो.