हात आवरण्याची विद्या

सुई थांबली म्हणजे गोंदण पूर्ण झाले, हा समज आमच्या धंद्याला कितीही सोयीचा असला तरी खरा नव्हे. कारण त्या क्षणी गिऱ्हाईक माझ्या दुकानातून घेऊन जाते ती एक ताजी जखम असते, आणि तिचे चित्र व्हावयाचे की डाग, याचा निवाडा पुढील दोन-तीन आठवड्यांत त्याच्या घरच्या न्हाणीघरात आणि अंथरुणावर होत असतो. नागपुरात हा व्यवसाय करता करता माझे असे निश्चित मत झाले आहे की, या मुदतीतील शुश्रूषा ही मुख्यत्वे हात आवरण्याची विद्या आहे, आणि जेथे माया म्हणजे काहीतरी चोळणे, लावणे, शेकणे असा शिरस्ता पडून गेला आहे, तेथे हीच विद्या सर्वांत दुष्प्राप्य ठरते.

सुई त्वचेचा वरचा थर ओलांडून मिलिमीटर-दीड मिलिमीटर खाली रंग ठेवते. शरीराच्या लेखी हा रंग परका. म्हणून त्याला गिळावयास रक्षक पेशी धावतात, पण त्याचे कण त्यांना पचत नाहीत आणि रंग पोटात घेऊन त्या तेथेच ठाण मांडतात. २०१८ साली फ्रान्समधील संशोधकांनी उंदरांच्या शेपटीवर गोंदवून असे दाखविले की, अशी पेशी मेली म्हणजे तिने सोडलेला रंग तिच्या जागी आलेली नवी पेशी उचलते. गोंदण आयुष्यभर टिकते ते या वारसाहक्काच्या अखंड बंदोबस्तामुळे. वरच्या थरात अडकलेला रंग मात्र सालीबरोबर गळतो. पहिले एक-दोन दिवस लस झिरपते, पुढे कंड सुटतो, पातळ रंगीत साली निघू लागतात, आणि रंग उतरला म्हणून गिऱ्हाईक हवालदिल होऊन दूरध्वनी करते. त्यानंतरही काही आठवडे गोंदणावर दुधावरच्या सायीसारखा धूसर पडदा राहतो, तो नव्या त्वचेचा असून आपोआप निवळतो. या सबंध काळात खपली नखाने उचकटणारा मनुष्य तिच्याबरोबर खालचा रंगही उपटतो आणि रेघेत कायमची खोट निर्माण करतो.

माझी ताकीद त्यामुळे फार थोडक्यात असते: हात साबणाने धुवावेत, कोमट पाण्याने व बिनवासाच्या साबणाने गोंदण हलकेच धुवावे, स्वच्छ कपड्याने टिपावे, मलमाचा नुसता हात फिरवावा, आणि मग त्याला विसरावे. यांतील शेवटचे कलम कोणी पाळीत नाही. मुलाबरोबर आलेली आजी विचारतेच, ‘‘जराशी हळद लावली तं काय होते बाप्पा?’’ तिच्या शब्दांमागे मोठी परंपरा आहे. बख्त बुलंद शाहाने १७०२ साली वसविलेल्या या गोंडांच्या नगरीभोवतालच्या मुलखात काजळीने गोंदवून वर शेण आणि हळद लावण्याची वहिवाट होती. देहावरचे सर्व दागिने उतरवले जातात, गोंदण तेवढे बरोबर जाते, अशी त्यामागची श्रद्धा. त्या श्रद्धेपुढे मी नम्र आहे, परंतु शेणात धनुर्वाताचे बीज असते आणि स्वयंपाकघरातील हळद फोडणीसाठी असते, उघड्या जखमेसाठी नव्हे, हे सांगणे माझे कर्तव्य ठरते.

नागपूरचा उन्हाळा हा या कामातला दुसरा पक्षकार. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला म्हणजे दाट मलमाखाली घाम कोंडतो, खपली भिजून मऊ पडते आणि जंतूंना आयते घर मिळते. म्हणून मे महिन्यात मलम आणखी कमी, कपडे सैल सुती, आणि दुचाकीवर निघताना हात बाहीने झाकलेला असावा. अंबाझरीच्या किंवा फुटाळ्याच्या तलावात उतरण्यास पूर्ण बंदी. तिसऱ्या दिवसानंतर लाली ओसरण्याऐवजी पसरू लागली, पू दिसला अथवा ताप आला, तर मला न विचारता मेडिकल किंवा मेयो रुग्णालय गाठावे.

सर्वांत कठीण परीक्षा विजयादशमीची. १९५६ साली जेथे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली त्या दीक्षाभूमीच्या आसपास त्या दिवसांत गोंदणाऱ्यांची दुकाने लागतात. लांबून आलेला एखादा मजूर मनगटावर ‘जय भीम’ कोरून घेतो आणि त्याच रात्री गच्च भरलेल्या डब्यात उभा राहून परततो. त्याची-माझी पुन्हा गाठ पडण्याचा संभव नसतो, म्हणून तेथे प्रत्येकासाठी नवी सुई उघडणे आणि निघताना दोन वाक्यांत खबरदारी समजावणे, एवढाच माझा अधिकार उरतो. बाकीचे काम त्याच्या संयमाचे.

अनुभवाने मी एक तजवीज मात्र करू लागलो आहे. सूचना गोंदवून घेणाऱ्याला देऊन थांबत नाही, बरोबरच्या वडीलधाऱ्या बाईलाही सांगतो: मऊ सुती फडके उकळून कडक उन्हात वाळवायचे, ते दुसऱ्या कोणाला वापरू द्यायचे नाही, आणि नातवाचा हात खाजवण्यासाठी वळला की त्याला हटकायचे. मायेला रिकामे बसवता येत नाही. तिच्याकडे पहारा सोपवला की हळदीचा डबा फळीवर राहतो, आणि माझ्या रेघा शाबूत राहतात.