उरलेले ते लिग्निन

लिग्निन हा शब्द आम्हांला महाविद्यालयात भेटला. वस्तू मात्र घरचीच. पऱ्हाटीला ताठ उभी ठेवणारे आणि जून वैरण बैलाला पचू न देणारे द्रव्य ते हेच.

त्याची मोजणी मोठी चमत्कारिक. ते सरळ मोजत नाहीत. बाकीचे सारे विरघळवून जे उरेल त्यालाच लिग्निन मानतात. लाकडासाठी स्वीडनच्या क्लासोन यांच्या नावाची रीत आहे, तर वैरणीसाठी अमेरिकेच्या व्हॅन सोएस्ट यांची, १९६० च्या दशकातली. नमुना आम्लयुक्त डिटर्जंटात तासभर उकळायचा, मग ७२ टक्के गंधकाम्लात तीन तास ठेवायचा. उरलेले धुऊन, वाळवून तोलायचे आणि शेवटी भट्टीत जाळून राखेचे वजन वजा करायचे. (वेलाबरोबर किती माती येते, हे भुईमूग उपटणाऱ्यास सांगायला नको.)

१९८० च्या दशकात आम्ही खात्यात नवखे होतो. पांढुर्णा-सौंसर रस्त्यावरच्या एका गावी, तेव्हाच्या छिंदवाडा आणि २०२३ पासूनच्या पांढुर्णा जिल्ह्यात, एका वृद्ध शेतकऱ्याने भुईमुगाच्या पाल्याची गंजी रचली होती. आम्ही त्यांना काका म्हणत असू. नमुन्यात लिग्निन फार निघाले. "चाऱ्याच्या कामाचा नाही, विकून टाका," आम्ही म्हणालो.

"बैल तं मन लावून खाते ना, सायेब."

आम्ही कागद दाखवला. काकांनी पाला पडत्या भावात विकला. वैशाखात कडबा महागला आणि जोडीतला एक बैल गेला.

पुढे एका प्रशिक्षणात कळले की वैरणीचा नमुना साठ अंशांच्या वर वाळवू नये. ओल्या पाल्यातील प्रथिने आणि शर्करा अधिक उष्णतेने एकमेकांस चिकटतात, आम्लात विरघळत नाहीत आणि लिग्निन म्हणून तोलली जातात. आमचा नमुना ओला होता. दुसऱ्या दिवशी दौरा असल्याने तो शंभर अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवण्यास आम्हीच सांगितले होते. त्या आकड्यात खरे लिग्निन किती आणि आमची घाई किती, हे आता कोणती प्रयोगशाळा सांगणार?

काकांकडे जायला आम्हांला दोन महिने लागले. ओट्यावर बसून सारे सांगितले. ते बराच वेळ रिकाम्या दावणीकडे पाहत होते.

"म्हंजे बैलानं खरंच सांगितलं होतं तं," ते म्हणाले, आणि आत चहा ठेवायला सांगितला.